‘आम्हांला आशा होती’ : निराशेच्या दिवसांत विश्वासाचा खरंच आधार होतो का?

सीनाकाठचा (धागाकर्ता)

सगळ्यांना सलाम.

इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदा. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी नगरचा. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच बसलंय. ख्रिस्ती घराणं, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. वय ३७. त्यातली ९ वर्षं पुण्यात पेठेतल्या अभ्यासिकेत गेली, राज्यसेवेच्या तयारीत. दोनदा मुलाखतीपर्यंत पोचलो. हा माझा शेवटचा प्रयत्न होता, यापुढे वयात बसत नाही.

गेल्या महिन्यात यादी लागली. मोबाइलवर पीडीएफ उघडली आणि नाव शोधलं. नाही. मग नुसतं आडनाव टाकून शोधलं. नाही. मग बैठक क्रमांक टाकला. मग पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोटाने सरकवत डोळ्यांनी वाचली, कारण मोबाइलचं शोधणं कधी कधी चुकतं असं वाटलं. दोन गुणांनी राहिलं होतं.

त्या रात्री आमच्या चर्चच्या मंडळीतल्या लोकांचे सतरा मेसेज आले. त्यातले अकरा म्हणजे बायबलमधलं यिर्मया २९:११. ‘तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत’ हे वचन, मागे सूर्योदयाचं चित्र. पाठवणारी सगळी प्रेमाची माणसं आहेत, एकाच्याही मनात खोट नाही. पण प्रत्येक मेसेज वाचताना छातीवर कोणीतरी वीट ठेवतंय असं वाटत होतं. पाळकसाहेब, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, घरी आले, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, म्हणाले, देवाची योजना वेगळी आहे. मी आमेन म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

तेव्हापासून उपासनेला गेलो नाही. आई रविवारी एकटी जाते. मला काही विचारत नाही.

देव आहे की नाही यावर मला वाद नको आहे, त्यासाठी इथे दुसरे धागे आहेत. माझं विचारणं साधं आहे. ज्यांच्या हातचं खरोखर काही गेलं आणि तरी विश्वासातून आधार मिळाला, त्यांनी सांगा. तो नेमका कसा मिळाला? काय करताना मिळाला? की मिळालाच नाही?

दूरची पणती

वाचतेय. काय लिहावं सुचत नाही, पण वाचून नुसतं पुढे जाववलं नाही.

निवृत्त सिस्टर

बाळा, सलाम.

मी ३४ वर्षं मिशन हॉस्पिटलात नर्स होते, त्यातली निम्मी रात्रपाळीत. तुझ्या प्रश्नाला वचनाने उत्तर देणार नाही, आधी दोन प्रश्न विचारते. जेवतोस का? झोपतोस का?

हसू नकोस, हे पवित्र शास्त्रातलंच, बायबलातलंच आहे. १ राजे, अध्याय १९ काढ. एलीया संदेष्टा. आदल्याच दिवशी कर्मेल डोंगरावर त्याने एवढा मोठा विजय बघितलेला, आणि दुसऱ्या दिवशी राणीची धमकी येते नि हा माणूस जीव घेऊन पळतो. रानात एक दिवसाची वाट चालून एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, प्रभू, आता पुरे झालं, माझा प्राण घे. संदेष्टा म्हणतो बरं हे, कोणी अविश्वासी नाही.

आता देव काय करतो ते बघ. रागावत नाही. तुझा विश्वास कुठे गेला असं विचारत नाही. योजना समजावून सांगत नाही. एलीया झोपतो तर त्याला झोपू देतो. मग देवदूत येऊन हात लावतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. खातो, पितो, परत झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा तेच, ऊठ आणि खा, तुला लांबचा पल्ला गाठायचाय. बोलणं होतं ते त्याच्या पुढे, चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला पोचल्यावर. आधी भाकर, झोप, परत भाकर.

मी रात्रपाळीत हा अध्याय किती नातेवाइकांना वाचून दाखवला असेल, मोजदाद नाही. वॉर्डाबाहेर बाकड्यावर उपाशी बसलेल्या माणसाला आधी चहा-बिस्कीट द्यायचं, प्रार्थना नंतर, हे मला या अध्यायाने शिकवलं.

आणि एक गोष्ट स्पष्ट विचारते, कारण विचारायची सवय आहे आणि विचारल्याने कोणाचं वाईट होत नाही. एलीयासारखं ‘आता पुरे’ असं तुला वाटतंय का? वाटत असेल तर हे इथे लिहून थांबू नकोस. घरात बोल, डॉक्टरकडे जा. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत. गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे. ती भाकरसुद्धा कोणीतरी भाजूनच दिलेली होती.

सीनाकाठचा (धागाकर्ता)

सिस्टर, तुम्ही विचारलंत म्हणून खरं सांगतो. मरावंसं वाटत नाही. पण सकाळी उठावं कशासाठी ते कळत नाही. झोप तीनच्या पुढे लागते. जेवण म्हणाल तर आई ताट वाढते, मी खोलीत नेतो, अर्धं परत येतं. नंबर लिहून ठेवला.

निवृत्त सिस्टर

ताट खोलीत नेऊ नकोस. स्वयंपाकघरात बसून जेव. एवढंच आजचं.

हस्तलिखित

मी बायबल शिकवतो. पाळक नाही, पण पंचवीसेक वर्षं हेच वाचतो आणि शिकवतो. त्या अकरा मेसेजांबद्दल थोडं बोलू द्या. मला त्या वचनाचं फार प्रेम आहे आणि त्याचे असे हाल झालेले बघवत नाहीत.

यिर्मयाचा २९वा अध्याय म्हणजे एक पत्र आहे. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेममधून धरून नेलेली माणसं बाबेलमध्ये पडली आहेत. घरदार गेलंय, देश सुटलाय. त्यांना एकच विचारायचंय, परत कधी जायचं? आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा एक संदेष्टा लोकांना छातीठोकपणे सांगतो, दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. लोकांना काय हवं असतं ते त्याला बरोबर माहीत आहे. यिर्मया त्यावर म्हणतो, आमेन, परमेश्वर असंच करो. म्हणजे त्यालाही मनातून तेच हवंय! पण त्याला ठाऊक आहे की ते खरं नाही.

आणि मग तो पत्रात काय लिहितो? ११व्या वचनाच्या आधी १०वं आहे, ते कोणी सूर्योदयावर छापत नाही. त्यात लिहिलंय, सत्तर वर्षं. पत्र वाचणाऱ्या बहुतेकांना आपल्या हयातीत परत जायला मिळणार नव्हतं. त्यांना सांगितलंय की घरं बांधा, त्यांत राहा. मळे लावा, त्यांचं फळ खा. लग्नं करा, पोरंबाळं होऊ द्या. ज्या शहरात तुम्हाला बळजबरीने आणून टाकलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, त्याचं बरं झालं तर तुमचं होईल.

हे सगळं सांगून झाल्यावर येतं, ‘माझे संकल्प हिताचे आहेत’.

तेव्हा हे वचन ‘पुढच्या वेळी नक्की होईल’ असं सांगत नाही. जे गेलं ते गेलं, ही गोष्ट ते लपवत नाही. तरीही तुम्ही माझ्या नजरेबाहेर नाही, आणि बाबेलमध्ये लावलेला मळासुद्धा माझाच, असं ते म्हणतं. माझ्या मते दिलासा इथे आहे, आणि दोन वर्षांच्या आश्वासनापेक्षा तो कितीतरी दणकट आहे.

दुसरं म्हणजे, तुम्ही आमेन म्हणालात आणि आवाज ऐकू आला नाही, असं लिहिलंय. मग आमेन म्हणू नका. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा तक्रारीचा आहे. १३वं स्तोत्र काढा, सहाच वचनांचं आहे. पहिल्या दोन वचनांत मूळ हिब्रूमध्ये ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. तू मला कोठवर विसरणार? तोंड कोठवर लपवणार? ८८वं स्तोत्र तर शेवटपर्यंत वर येतच नाही, त्याचा हिब्रूतला शेवटचा शब्द ‘अंधार’ आहे. असं स्तोत्र कोणी गाळून टाकलं नाही. मंदिरात गायच्या पुस्तकात ते ठेवलं. म्हणजे हे बोलायची परवानगी आहे, एवढंच नाही, शब्दही तयार करून ठेवलेत.

बंद खिडकी

मी चर्च सोडलेली व्यक्ती आहे. लिहू की नको असा दोन दिवस विचार केला. धागाकर्त्याने ‘की मिळालाच नाही?’ असंही विचारलंय म्हणून लिहिते.

माझे वडील दीड वर्ष आजारी होते. आम्ही ज्या प्रार्थनासभेला जायचो तिथे सांगितलं गेलं की विश्वास धरा, बरे होतील. उपास केले. आई प्रत्येक सभेत उभी राहून साक्ष द्यायची की बाबा बरे होत आहेत, कारण ‘नकारात्मक बोलू नये’ असं शिकवलं होतं. बाबांना वेदना व्हायच्या तेव्हा ते आमच्यापासून लपवायचे, आमचा विश्वास डळमळू नये म्हणून. हे मला त्यांच्या शेवटच्या आठवड्यात कळलं. आपल्या बापाने आपल्यापुढे कण्हायचंही नाही, एवढा आम्ही तो विश्वास ताणला होता.

ते गेल्यावर एका ताईंनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, घरात कोणाच्या मनात शंका होती का?

त्यानंतर मी गेले नाही. आठ वर्षं झाली. एलीया आणि बाबेल वाचून बरं वाटलं, हे मान्य करते. पण मला हे तेव्हा कोणी का सांगितलं नाही?

हस्तलिखित

ताई, तुम्हाला तेव्हा कोणी सांगितलं नाही याची आम्हा शिकवणाऱ्यांना लाज वाटायला हवी. मला वाटते.

तुम्हाला जो प्रश्न विचारला गेला तो बायबलमधल्या ईयोबाच्या, सगळं गमावलेल्या त्या माणसाच्या, मित्रांचा प्रश्न आहे. अलीफज, बिल्दद, सोफर. ते आले तेव्हा फार चांगले वागले. सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या हातून झालेलं तेवढंच बरोबर. मग त्यांनी तोंड उघडलं आणि पानंच्या पानं एकच गोष्ट सांगत राहिले, तुझंच काहीतरी चुकलं असणार. पुस्तकाच्या शेवटी देव कोणावर रागावतो? ईयोबाने तर देवाला काय काय म्हणून घेतलं होतं. पण राग आहे तो मित्रांवर. माझा सेवक ईयोब बोलला तसं तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत, असं देव त्यांना म्हणतो (४२:७).

आणि ‘विश्वास असता तर बरे झाले असते’ असं ज्यांना वाटतं त्यांनी २ करिंथ, अध्याय १२ वाचावा. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल, त्याच्या देहात एक काटा होता. काय ते तो सांगत नाही. तीन वेळा विनवणी केली की हा काढून टाक. काटा निघाला नाही. उत्तर मिळालं, माझी कृपा तुला पुरे आहे. पौलाचा विश्वास कमी पडला, असं म्हणायची कोणाची हिंमत आहे?

तुमचे वडील लपूनछपून कण्हले असतील. रोमकरांस पत्रात, आठव्या अध्यायात लिहिलंय की आपल्याला शब्द सुचत नाहीत तेव्हा देवाचा आत्मा स्वतः कण्हत आपल्यासाठी मध्यस्थी करतो. तुमच्या वडिलांचं कण्हणं ही प्रार्थनाच होती, असं मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

बंद खिडकी

हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. आईला वाचून दाखवलं.

पायवाट

मी ख्रिस्ती नाही, घरात वारी आहे. माझ्या वडिलांच्या बावीस वाऱ्या झाल्या. आगंतुक वाटलं तर सांगा.

‘देवाला तक्रार करायची परवानगी आहे’ हे वाचून मला आमचे तुकोबाच आठवले. दुष्काळात पहिली बायको आणि मुलगा गेला, दिवाळं निघालं, आणि मग विठ्ठलाशी जे भांडण मांडलंय ते काही मिळमिळीत नाही. आमच्याकडे त्याला कोणी नास्तिकपणा म्हणत नाही, जवळचा आहे म्हणून भांडतो म्हणतात. परक्याशी कोण भांडतं?

रेव्हरंड टिळक, म्हणजे ना. वा. टिळक, ते तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले असं स्वतःच म्हणायचे, हे मी वाचलंय. त्यांची बरीच वर्षं तुमच्या नगरलाच गेली ना? तुमच्या चर्चमध्ये त्यांची भजनं अजून पेटी-तबल्यावर म्हणतात असंही ऐकलंय. म्हणजे तुम्हाला हे भांडण दोन्हीकडून वारशात मिळालंय, हिब्रूतून आणि मराठीतून.

धागाकर्ते, एक विचारू का? तुम्ही देवाशी भांडलात का? की नुसतंच बोलणं सोडलंत?

सीनाकाठचा (धागाकर्ता)

पायवाट, आगंतुक कसले. प्रश्न बरोबर ठिकाणी लागला. भांडलो नाही. बोलणं सोडलंय.

वसईची लेक

मी कॅथलिक, वसईची. आमच्याकडची पद्धत तुमच्या नगरपेक्षा वेगळी, तरी सांगते.

लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नाही. दोनदा राहिलं, दोनदा गेलं. दुसऱ्या खेपेनंतर सासूबाई म्हणाल्या, माहीमची नोव्हेना कर. नऊ बुधवार. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारची नोव्हेना १९४८ पासून चालते. मुंबईतली सगळ्या धर्मांची माणसं रांगेत असतात, बुरख्यातल्या बायका, कपाळभर कुंकवाच्या बायका, कॉलेजची पोरं. बाहेर मेणाच्या वस्तू मिळतात. घर हवं असेल तर मेणाचं घर, पाय दुखत असेल तर मेणाचा पाय. मी मेणाचं बाळ घेतलं. तळहाताएवढं. गरमीचे दिवस होते, वसईहून लोकलने अंधेरी, तिथे गाडी बदलून माहीम, आणि ते बाळ गर्दीत मोडू नये, उन्हात वितळू नये म्हणून ओल्या रुमालात गुंडाळून छातीशी धरायचं. असे नऊ बुधवार. नववं बाळ मरियामाऊलीपुढे ठेवताना मला आतून खात्री झाली होती.

काही झालं नाही. डॉक्टरांनीही आता नाही सांगितलं.

मला माऊलीचा राग आला. खरंच आला. घरात रात्री रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, व्हायची, सगळे गुडघ्यावर, आणि मी स्वयंपाकघरात भांडी घासायची. मुद्दाम, आवाज होईल अशी.

त्या वर्षी उपवासकाळात शुक्रवारी क्रूसाच्या वाटेला गेले, सासूबाईंना सोबत म्हणून. चौदा स्थानं असतात, एकेका स्थानापुढे थांबून प्रार्थना. लहानपणापासून करतेय, पाठ आहे. तेराव्या स्थानाला लोक पुढे सरकले आणि माझा पायच उचलेना. तेरावं म्हणजे येशूला क्रूसावरून खाली काढतात, आई त्याला मांडीवर घेते. मी त्या चित्राकडे बघितलं. तिचा हात. पोराचं डोकं मागे कलू नये म्हणून मानेखाली घातलेला हात. तान्ह्याला धरतात तसा. मेलेल्या पोराची मान सांभाळत होती ती.

मी नऊ बुधवार जिच्याकडे बाळ मागितलं तिच्या मांडीवर हे होतं. हे मला तोपर्यंत कधी दिसलंच नव्हतं. मी तिला मागत होते जसं सरकारी खिडकीवर मागतात, अर्ज केला, मंजूर का नाही? आणि ती तर माझ्याच बाजूला, त्याच रांगेत उभी होती.

मला उत्तर मिळालं असं नाही. अजूनही शेजारी बारसं असलं की पोटात गोळा येतो. पण त्या दिवसापासून मी त्यात एकटी नाही. हाच माझा दिलासा, इतकाच आहे, आणि तो मला पुरतो म्हणणार नाही, पण टिकतो. रोज टिकतो.

भाऊ, तुमचं तेरावं स्थान कुठलं मला माहीत नाही. पण सगळे पुढे सरकले म्हणून तुम्ही सरकू नका. थांबा जरा तिथे.

दूरची पणती

मेणाचं बाळ ओल्या रुमालात. देवा.

हस्तलिखित

वसईची लेक, नमस्कार करतो तुम्हाला. याच्यापुढे शिकवणं थिटं आहे.

फक्त एक जोडतो, कारण ‘देवाची योजना’ हा शब्द धाग्यात सुरुवातीपासून आहे आणि तो मला नीट पचत नाही. केडगावच्या पंडिता रमाबाई आठवतात. १८५८चा जन्म. आईवडील आणि बहीण दुष्काळात गेले. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं आणि १८८२ मध्ये नवराही गेला, पदरात तान्ही मनोरमा. हे सगळं ख्रिस्ती होण्याआधीचं. झाल्यानंतर संकटं थांबली का? १९२१च्या जुलैत ती एकुलती एक मनोरमाही गेली. रमाबाईंनी केडगावला उभारलेलं मुक्ती मिशन जिच्या हाती सोपवायचं ठरलं होतं, ती.

रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. संस्कृतच्या पंडिता, पण खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून साधे शब्द शोधत बसलेल्या. छपाईचे खिळे जुळवायला मुक्तीतल्याच मुली आणि बायका, छापखाना तिथलाच. लेक गेल्यानंतरही ते काम त्यांनी सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते बायबल छापून पूर्ण झालं.

मनोरमेचं जाणं ही देवाची ‘योजना’ होती, असं मी कधीही म्हणणार नाही. मला एवढंच दिसतं की त्या बाईने त्या घरात ईयोब आणि विलापगीत हे ग्रंथ मराठीत आणले होते. ते शब्द तिला परके नव्हते.

सीनाकाठचा (धागाकर्ता)

आठवडा झाला. सगळ्यांचं वाचत होतो, उत्तर द्यायला शब्द नव्हते. पण परवा घरी काय झालं ते इथे सांगितलंच पाहिजे, कारण पायवाट यांनी तो प्रश्न विचारला नसता तर हे झालं नसतं.

आई रोज पहाटे चारला उठते. मी लहान असल्यापासून. स्वयंपाकघरात पाटावर बसायचं, समोर पवित्र शास्त्र, डोक्यावर पदर, आणि अर्धा-पाऊण तास पुटपुटत प्रार्थना. मी पुण्याला असताना त्या पुटपुटण्यावरच परीक्षांना बसत होतो असं म्हटलं तरी चालेल. फोनवर सांगायची, आज तुझ्या सामान्य अध्ययनासाठी मागितलं.

परवा मला झोप लागलीच नव्हती. चारला तिची हालचाल ऐकली म्हणून उठून गेलो. दिवा लागलेला. ती पाटावर बसलेली, पदर डोक्यावर. शास्त्र समोर, पण मिटलेलं. तोंड हलत नव्हतं. गॅसवर चहाचं पाणी ठेवलेलं, ते उकळून आटायला आलं होतं.

मी विचारलं, आई, झाली का प्रार्थना?

म्हणाली, करत नाहीये.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. ती म्हणाली, तुझा निकाल लागल्यापासून मी त्याच्याशी बोलत नाही. नऊ वर्षं मागितलं. दुसरं काही मागितलं नाही, माझं गुडघ्याचं दुखणंसुद्धा मध्ये आणलं नाही, तुझ्या आड येऊ नये म्हणून. आता मला त्याच्याशी बोलायचं नाही.

माझ्या आईच्या तोंडून हे. जिने आयुष्यात उपासना चुकवली नाही.

मी खाली बसलो. म्हटलं, मग चारला उठतेस कशाला? झोपत जा की.

तिने माझ्याकडे बघितलं, जणू मी काही भलतंच विचारलंय. म्हणाली, नवरा-बायकोत अबोला असला म्हणून कोणी चूल वेगळी मांडतं का? बोलत नाही, पण बसते. त्याला कळू दे मी बसलेय.

मग आम्ही दोघं बसलो. शास्त्र मिटलेलंच. कोणी काही बोललं नाही. थोड्या वेळाने तिने आटलेल्या पाण्यात पुन्हा पाणी घातलं, साखर-पूड टाकली, चहा केला. बाहेर उजाडेपर्यंत बसलो होतो. निकालानंतर मी पहिल्यांदा रडलो, आणि तिने पुसायला पदर पुढे केला नाही, रडू दिलं.

त्या दिवशी रात्री दहाला झोपलो. सकाळी सात वाजता जाग आली.

बंद खिडकी

तुमच्या आईंना माझा सलाम सांगा. अशी प्रार्थना मला जमेल असं वाटतंय. आठ वर्षांत पहिल्यांदा.

पायवाट

हे वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ही माउली आमच्या दिंडीत हवी होती.

निवृत्त सिस्टर

आईच्या गुडघ्यांचे एक्स-रे काढून घे. नऊ वर्षं मागितलं नाही म्हणतेय ती.

सीनाकाठचा (धागाकर्ता)

सिस्टर, काढले. दोन्ही गुडघ्यांची झीज आहे. डॉक्टरांनी व्यायाम दिलेत, पाटाऐवजी खुर्चीवर बसायला सांगितलंय. पहाटेची खुर्ची आता ठरलीय, शेजारी माझं स्टूल.

आणि एक. हस्तलिखित, लूकच्या शुभवर्तमानाचा २४वा अध्याय मी धाग्याच्या नावातच घेतला होता, तेव्हा फक्त ते एक वाक्य डोक्यात होतं. येशू क्रूसावर गेल्यावर अम्माऊस गावाच्या वाटेवरचे त्याचे दोघे शिष्य म्हणतात ना, ‘आम्हांला आशा होती’ की इस्राएलची सुटका करणारा तोच. होती. भूतकाळ. पूर्ण अध्याय शांतपणे परवा वाचला. त्यांच्याबरोबर चालणारा येशू स्वतःच आहे, पण त्यांना ओळखू येत नाही, आणि तो आल्या आल्या ‘मी जिवंत आहे’ असं सांगूनही टाकत नाही. आधी विचारतो, चालता चालता तुम्ही हे काय बोलताय? त्यांना सगळं ओकू देतो. मग कितीतरी वाट त्यांच्या सोबत चालतो. जवळजवळ ११ किलोमीटरची वाट आहे ती. आणि ओळख पटते ती घरात, संध्याकाळी, त्याने भाकर मोडल्यावर.

काल महिन्याचा पहिला रविवार होता, प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर वाटून घ्यायची उपासना. आईला रिक्षाने घेऊन गेलो. मागच्या बाकावर बसलो. भजनं म्हणता आली नाहीत, पेटी ऐकत राहिलो. पाळकसाहेबांनी तबक पुढे धरलं, मी तुकडा उचलला. ते यावेळी काहीच बोलले नाहीत, नुसता खांद्यावर हात ठेवला. बहुतेक आईने त्यांना काहीतरी सांगितलं असावं. आईने तिचा तुकडा घेतला, आणि खूप हळू, मला ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाली, बरं.

मला नाही, त्याला म्हणाली.

सोमवारपासून एका शाळेत नववी-दहावीला इतिहास शिकवायला जातोय, तात्पुरतं. नऊ वर्षांचा अभ्यास आहे, निदान पोरांना तारखा तरी बरोबर सांगेन.

निवृत्त सिस्टर

छान. जेवायला कुठे बसतोस?

सीनाकाठचा (धागाकर्ता)

स्वयंपाकघरात. आज मेथीची भाजी आणि बाजरीची भाकरी होती. ताट परत गेलं नाही.